रुंद गाडीचा हिशेब

(कळमनुरी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न जोडले आहेत.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी मला फोन करून विचारलं, "सर, पत्रिकेत काही छापण्याची चूक झालीय का?" तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस, वय सत्तरीच्या पुढे, आणि विषय काय, तर रुंद बॉडीच्या वेगवान सेडान गाड्या! चूक झालेली नाही. विषय मीच मागून घेतलाय, आणि त्याला कारण आहे.

गेल्या पावसाळ्यात मला डोळे तपासायला नांदेडला जायचं होतं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा म्हणाला, "सर, मी सोडतो की." त्याच्याकडे जुनी सेडान आहे. त्यानं ती हौसेनं सजवलेली. एका शहरातल्या गॅरेजमध्ये नेऊन चारही चाकांवर फायबरची रुंद फेंडरं बसवली होती, मोठी अलॉय चाकं, जाड टायर. मी मागच्या सीटवर. आखाडा बाळापूरच्या अलीकडे मागून टक्-टक् असा आवाज यायला लागला. मी म्हटलं, "बाबा, काहीतरी वाजतंय." तो म्हणाला, "रस्त्याचा आवाज आहे, सर." पुढच्या दोन मिनिटांत मागचं डावं चाक निघालं आणि आमच्या पुढे, आमच्याच वेगानं, रस्ता सोडून हळदीच्या शेतात गेलं. गाडी घासत थांबली. कुणाला लागलं नाही. पण त्याच वेळी कडेनं एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालल्या होत्या. चाक त्यांच्यापासून दहा-बारा फुटांवरून गेलं. त्या बाईंचा चेहरा मला अजून दिसतो.

तो मुलगा आज इथे बसलाय. नाव सांगत नाही. त्यानं मला नंतर विचारलं, "सर, आता मी हेच काम नीट करून घेऊ का? तीन लाख लागतील. बाबा द्यायला तयार आहेत." मी म्हटलं, थांब, मला आधी समजून घेऊ दे. आणि मग या वयात मी मोटारीवर अभ्यासाला बसलो. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला दिलेलं उत्तर आहे. तुम्ही सगळे साक्षीदार.

चाकोरी

सुरुवात आपल्या ओळखीच्या वस्तूपासून करू. बैलगाडी. धाव, आरे, तुंबा, आस हे शब्द इथल्या निम्म्या लोकांना तरी माहीत असतील. पांदणीनं बैलगाड्या जाऊन जाऊन जे दोन खोल पट्टे पडतात, त्याला आपण चाकोरी म्हणतो. "चाकोरीबाहेर जाणं" हे आपण आज फार कौतुकानं म्हणतो, पण शेतकऱ्याला विचारा. एक चाक चाकोरीत आणि एक बाहेर, अशी गाडी चालवून बघा म्हणावं! त्यामुळे दोन चाकांमधलं अंतर हे सुताराच्या लहरीवर नसतं. ते रस्ता ठरवतो, बैल ठरवतात, ओझं ठरवतं.

मोटारीतही तसंच. एका आसावरच्या दोन चाकांमधलं अंतर, त्याला ट्रॅक म्हणतात. हा आकडा गाडीच्या इतर पन्नास आकड्यांना बांधलेला असतो. मग तो वाढवावा असं कुणाला का वाटतं?

कारण अगदी रास्त आहे. गाडी वळणावर गेली की आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं, याचं गणित शाळेतलं आहे. गाडीचं वजन गुणिले वळणाचा जोर, गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले ट्रॅक. उदाहरण घेऊ. गाडी १२०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर, ट्रॅक १४५ सेंटीमीटर, आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा. म्हणजे ६०० गुणिले ५५ भागिले १४५. सुमारे २२८ किलो वजन आतून बाहेर गेलं. आता ट्रॅक ५ सेंटीमीटरनं वाढवला तर? २२० किलो. आठ किलोंचा फायदा.

आणि ट्रॅक न वाढवता नुसती गाडी ३ सेंटीमीटर खाली आणली तर? ६०० गुणिले ५२ भागिले १४५, म्हणजे सुमारे २१५ किलो. तेरा किलोंचा फायदा. म्हणजे रुंदीपेक्षा उंचीला भाव जास्त आहे. अर्थात आपल्या गावांतले गतिरोधक बघता ते ३ सेंटीमीटर कुठून आणायचे, हा प्रश्न आहेच.

या मुलाच्या गाडीत प्रत्येक चाकामागे १२ मिलिमीटरचा स्पेसर होता. स्पेसर म्हणजे चाक आणि हब यांच्यामध्ये घातलेली धातूची चकती. दोन्ही बाजू मिळून २४ मिलिमीटर. हिशेब केला तर वळणावर चार किलोंचासुद्धा फायदा होत नाही. हा आकडा लक्षात ठेवा.

पिंपरीच्या गाडीची दुर्मीळ बहीण

आता ज्यांनी हे काम खरोखर चांगलं केलं, त्यांच्याकडे जाऊ. आणि त्याची वाट आपल्या पिंपरीवरूनच जाते.

१९९४ साली मर्सिडीज-बेंझची भारतातली कंपनी स्थापन झाली. तेव्हा ती टेल्कोबरोबरची भागीदारी होती. १९९५ मध्ये पिंपरीला टेल्कोच्या आवारात त्यांची पहिली गाडी जोडून तयार झाली. ती होती डब्ल्यू-१२४ या मालिकेतली ई-क्लास. चाकणचा कारखाना पुष्कळ नंतरचा, २००९चा. तुमच्यापैकी काहींनी ती चौकोनी, गंभीर चेहऱ्याची मर्सिडीज पाहिली असेल. त्या काळात मंत्री, साखर कारखान्याचे अध्यक्ष, मोठे डॉक्टर यांच्या दारात ती असायची. ई-२२० पेट्रोलची ताकद १५० अश्वशक्तीची. रुंदी १७४० मिलिमीटर. तुलनेला सांगतो, कुर्ल्यात तयार होणारी आपली प्रीमियर पद्मिनी दीड मीटरपेक्षाही अरुंद होती.

या डब्ल्यू-१२४ मालिकेच्या पंचवीस लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. त्यांतल्या फक्त १०,४७९ गाड्या एका वेगळ्या जातीच्या होत्या. नाव ५०० ई. साधारण अडीचशे गाड्यांमागे एक. १९९०च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली, आणि १९९५ पर्यंत ती बनत राहिली. मधे नावातली अक्षरं उलटून ती ई ५०० झाली. ती पिंपरीत कधी बनली नाही. पण सांगाडा त्याच घराण्याचा.

काय होतं तिच्यात? पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन. ३२६ अश्वशक्ती, म्हणजे पिंपरीच्या ई-२२०च्या दुपटीहून जास्त. वेग ताशी २५० किलोमीटरवर मुद्दाम अडवलेला. आणि आपल्या विषयाचा मुद्दा म्हणजे फेंडरं फुगवलेली. एकूण रुंदी १७९६ मिलिमीटर. किती वाढली? ५६ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना पावणेतीन-पावणेतीन सेंटीमीटर. तुमच्या अंगठ्याच्या रुंदीहून थोडं जास्त. लांबून बघितलं तर कळतसुद्धा नाही.

पण या ५६ मिलिमीटरसाठी काय काय करावं लागलं, ते ऐका.

ही गाडी विकसित करण्याचं काम मर्सिडीजनं पोर्शे कंपनीला दिलं. पोर्शेचे दिवस तेव्हा बरे नव्हते, कारखान्यात जागा रिकामी होती. आणि दुसरी अडचण मर्सिडीजची स्वतःची. झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात डब्ल्यू-१२४ची जी जुळणीची लाइन होती, तीत ही फुगीर फेंडरांची गाडी मावेना! बघा, लाइनसुद्धा एक चाकोरीच की. मग काय, सुटे पत्रे झिंडेलफिंगेनहून पोर्शेच्या त्सुफेनहाउझेनला जायचे. तिथे बॉडी जोडायची. ती रंगासाठी परत झिंडेलफिंगेनला. रंगवून झाली की पुन्हा त्सुफेनहाउझेनला, इंजिन आणि बाकी जुळणीसाठी. शेवटी तपासणीला आणि ग्राहकाच्या हवाली करायला परत झिंडेलफिंगेन. दोन्ही गावं स्टुटगार्टच्या आजूबाजूला. कल्पना करा, अर्धी गाडी पिंपरीहून चाकणला, रंगाला पिंपरीला, परत चाकणला, आणि पुन्हा पिंपरीला. एका गाडीला अठरा दिवस लागायचे.

आणि आत? ब्रेक आणि सस्पेन्शनचे भाग ५०० एसएल या स्पोर्ट्स गाडीकडून घेतले. गाडी २३ मिलिमीटर खाली आणली. आपण मघाशी गणित केलं ना, उंचीला भाव जास्त? त्यांनाही ते माहीत होतं. इंजिननं पुढची सगळी जागा खाल्ली म्हणून बॅटरी डिक्कीत गेली. मागचा डिफरन्शियल मोठा घ्यावा लागला, तेव्हा मागच्या सीटवर मधली जागा उरली नाही. पाच माणसांची गाडी चार माणसांची झाली. टायर साध्या गाडीला १९५ मिलिमीटर रुंद होते, ते २२५चे झाले. ते टायर आत मावावेत म्हणून फेंडर फुगवलं. क्रम नीट बघा. आधी इंजिन, मग ब्रेक, मग टायर, मग ट्रॅक, आणि सगळ्यात शेवटी फेंडर. फेंडर हे त्या सगळ्या साखळीचं शेवटचं टोक आहे.

दुसरं उदाहरण बीएमडब्ल्यूच्या पहिल्या एम-३चं, १९८६चं. टूरिंग कारच्या शर्यतीत उतरायचं तर ग्रुप ए नावाच्या नियमानुसार तशाच ५००० गाड्या वर्षभरात सर्वसामान्यांसाठी बनवणं भाग होतं. शर्यतीत रुंद टायर हवे, म्हणून रस्त्यावरच्या गाडीलाही चौकोनी फुगीर फेंडरं आली. पण त्यांनी तेवढ्यावर थांबवलं नाही. मागच्या काचेचा उतार बदलला, डिक्कीचं झाकण उंच केलं, वर पंख बसवला. का? फेंडर फुगवल्यानं हवेचा जो विरोध वाढला असता, तो दुसरीकडून भरून काढायला. एम-३चा हवेच्या विरोधाचा गुणांक ०.३३ आला, तिच्या साध्या बहिणीपेक्षा कमी. रुंद होऊनही कमी!

काय काय मोजावं लागतं

आता कर्जाची बाजू. एकेक घेतो.

पहिली, हवा. गाडी जितकी रुंद तितकी तिची समोरची छाती रुंद. १७४० वर ५६ वाढले, म्हणजे साधारण तीन टक्के. हवेशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर ताकद आठपट. त्यामुळे समोरची छाती तीन टक्के वाढली तर त्याच इंजिनात कमाल वेग एक टक्क्यानं घटतो. २५०चे २४७ होतात. ते काही फार नाही. खरी किंमत मोजावी लागते ती उघड्या चाकाची. मोटारीच्या एकूण हवाविरोधात सुमारे पाव हिस्सा चाकं आणि चाकांच्या कमानींचा असतो. फेंडरच्या बाहेर डोकावणारा टायर, आणि मागे पोकळ, उघडं राहिलेलं फायबर, हे म्हणजे वाऱ्यात छत्री उघडून चालणं झालं.

दुसरी, टायर. आपल्याला वाटतं, रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त चिकटला. चाकावर ३०० किलो भार आणि टायरमध्ये ३० पौंड हवा असेल, तर जमिनीला टेकलेला भाग साधारण १४० चौरस सेंटीमीटरचा. पोस्टकार्डाहून जरासा मोठा. टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर हे क्षेत्रफळ जवळजवळ तेवढंच राहतं. फक्त पोस्टकार्ड आडवं होतं. लांबीला कमी, रुंदीला जास्त. कोरड्या वळणावर याचा फायदा आहे, नक्की आहे. पण पावसात रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारायचं असतं, आणि त्याला वेळ कमी मिळतो. मग टायर पाण्यावर तरंगतो, आणि त्या क्षणी स्टीअरिंग तुमच्या हातात असून नसल्यासारखं.

तिसरी, बेअरिंग. चाक बाहेर सरकवलं की तरफ लांब होते. विहिरीवर मोटेचा कणा किती पुढे काढायचा, हे आपल्या आज्यांना कळत होतं. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातं. भार फक्त १० टक्के वाढला तरी आयुष्य पाव हिश्शानं घटतं.

चौथी, स्टीअरिंग. पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष खाली जमिनीला एका ठिकाणी टेकतो. टायरचा मध्य त्यापासून किती दूर, हे अंतर कारखान्यात फार विचारानं ठरवलेलं असतं. चाक बाहेर काढलं की ते बिघडतं. मग एका चाकाखाली खड्डा आला की स्टीअरिंग हिसका देतं, आणि डांबराला पडलेल्या चाकोरीत गाडी आपली आपण ओढली जाते. पुन्हा चाकोरी आली बघा!

पाचवी, पत्रा. मागच्या चाकाची कमान आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे वेल्ड करून झालेली असते. रुंद फेंडर बसवायला ती कापली की सांधा उघडा पडतो. पाणी जातं, गंज लागतो, आणि ज्या ठिकाणी सस्पेन्शनचा भार येतो तिथलीच ताकद कमी होते. वरून फायबर चकचकीत दिसतं. आत काय चाललंय, ते दोन पावसाळ्यांनी कळतं.

आणि सहावी, रस्ता. हा माझा एकट्याचा नसतो. फेंडरच्या बाहेर आलेला टायर खडा उडवतो तो मागच्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यात.

अवयव आणि अवयवी

आता माझ्या विषयावर येतो, घाबरू नका, थोडक्यात सांगतो.

मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला विचारतो की, तू रथातून आलास. मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ? चाक म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. भाग एकत्र आले की आपण त्याला रथ हे नाव देतो, एवढंच. बौद्धांचं म्हणणं असं की भागांपलीकडे रथ नावाची वेगळी वस्तू नाही.

आपले न्याय-वैशेषिक याच्या अगदी उलट म्हणतात. त्यांच्या मते भाग हे अवयव, आणि त्यांपासून झालेली पूर्ण वस्तू, म्हणजे अवयवी, ही एक स्वतंत्र वस्तू आहे. आणि ते पुढे एक विलक्षण गोष्ट सांगतात. कापडातून एक धागा काढला, तर जुनं कापड नष्ट झालं आणि नवं कापड निर्माण झालं. विद्यार्थी वर्गात हसायचे. एक धागा काढला तर लगेच नवं कापड? मलाही तीस वर्षं शिकवताना हे जरा अतीच वाटायचं.

त्या हळदीच्या शेताच्या कडेला उभा राहिलो तेव्हा मला ते पटलं. त्या मुलाला वाटत होतं की आपली गाडी तीच आहे, वर फक्त काहीतरी चिकटवलंय. गॅरेजवाल्यालाही तसंच वाटत होतं. पण ती गाडी नवी होती. नवा ट्रॅक, नवा भार, नवी तरफ. आणि त्या नव्या गाडीची तपासणी कुणीच केलेली नव्हती. पोर्शेच्या लोकांनी ५६ मिलिमीटर वाढवले ते नवी गाडी करतोय असं समजून. म्हणून अठरा दिवस लागले.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हतं असं नाही. शर्यतीचा छकडा बघा. हलका, त्याची चाकं वेगळी, साटा वेगळा. शेतातली खताची गाडी कापून कुणी शर्यतीला आणतं का? सुतार छकडा वेगळाच बांधतो.

कायदा काय म्हणतो

कायद्याचीही भूमिका मला नैयायिकांसारखी वाटते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रात उत्पादकानं मुळात ठरवलेली जी माहिती आहे, तिच्याशी विसंगत होईल असा बदल मालकानं गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

यामागचा विचार समजून घ्या. पुण्यात एआरएआय ही संस्था आहे, १९६६ पासून. गाडीचा नमुना बाजारात येण्याआधी अशा संस्थेत ब्रेक, प्रकाश, धूर अशा अनेक चाचण्यांतून जातो. प्रमाणपत्र मिळतं ते त्या विशिष्ट अवयवीला. तुम्ही अवयव बदललेत, तर ते प्रमाणपत्र ज्या गाडीचं होतं ती गाडी आता राहिलीच नाही. विम्याचंही तेच. बदल कळवला नसेल, तर दावा नाकारायला कंपनीला कारण मिळतं. या मुलाचा दावा तसाच नाकारला गेला. मला सुरुवातीला राग आला होता. आता वाटतं, त्यांनी ज्या गाडीचा विमा उतरवला होता, ती ही नव्हतीच.

ते चाक का निघालं

गॅरेजच्या बाहेरच्या एका जाणकार मिस्त्रीनं मला चाक निघालेला हब दाखवून समजावलं. चाक धरून ठेवतात ते स्टड. नट आवळला की स्टड ताणला जातो आणि चाक हबवर घट्ट दाबलं जातं. त्या दाबानं होणाऱ्या घर्षणावर चाक टिकतं. नटानं किती आटे पकडले पाहिजेत? साधारण नियम असा की स्टडच्या जाडीएवढी लांबी तरी पकडलेली हवी. १२ मिलिमीटरचा स्टड, आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर, म्हणजे किमान आठ फेरे. या गाडीत १२ मिलिमीटरचा स्पेसर मधे घातला आणि स्टड मात्र जुनेच ठेवले. नटाला मिळाले तीन-चार फेरे. चाक सैल झालं, टक्-टक् वाजलं, एक स्टड तुटला, मग बाकीचे.

वळणावर चार किलोंच्याही आतला फायदा, आणि त्यासाठी हे.

तर बाबा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तीन लाख घेऊन "हेच काम नीट" करता येणार नाही, कारण नीट करायचं म्हणजे नवी गाडी करायची, आणि ते तीन लाखांत होत नाही. तुझी हौस खोटी नाही. तुला वळणावर स्थिर गाडी हवी असेल, तर कारखान्याच्या मापाचे चांगले टायर घाल, झिजलेले शॉकअब्सॉर्बर आणि बुश बदल, ब्रेक नवे कर, चाकांचं अलाइनमेंट करून घे. हे सगळं कायद्यात बसतं आणि खर्च त्याच्या एका छोट्या हिश्शात होतो. जुन्या गाडीला जो फरक पडेल, तो तुला स्टीअरिंगवर हात ठेवताच कळेल. आणि उरलेले पैसे बाबांना परत दे.

एवढंच सांगायचं होतं. प्रश्न असतील तर विचारा.

प्रश्न (एक शिक्षिका): सर, सगळा हिशेब उपयोगाचाच झाला. गाडी सुंदर दिसावी असं वाटणं चूक आहे का?

उत्तर: अजिबात चूक नाही, ताई. बैलांच्या शिंगांना आपण पोळ्याला रंग लावतोच. शिंगं रंगवली तर बैलाच्या चालण्यात फरक पडत नाही, म्हणून तो शृंगार झाला. चाक बाहेर काढलं की गाडीची चाल बदलते, तेव्हा तो शृंगार राहत नाही. ५०० ई मला सुंदर का वाटते, तर तिचं फेंडर जेवढं फुगलंय तेवढ्याच रुंदीचा टायर त्याच्या आत आहे. इथल्या फायबरच्या फेंडरात आतली जागा पोकळ होती, आणि ती भरायला म्हणून स्पेसर घातला. दिसण्यासाठी फेंडर, आणि फेंडर रिकामं दिसू नये म्हणून चाक बाहेर. क्रम उलटा झाला.

प्रश्न (एक मेकॅनिक): सर, माझ्याकडे स्पेसर लावलेल्या गाड्या येतात. गिऱ्हाईक काढू देत नाही. मी काय करू?

उत्तर: तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, पण मला समजलेलं सांगतो. नट हातानं फिरवा आणि फेरे मोजा. आठच्या आत आले तर ती गाडी तशी बाहेर सोडू नका, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. चकती हबवर मधोमध बसते की नुसती स्टडांवर लोंबते, ते बघा. चाक काढून लावलं असेल तर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायला बोलवा. आणि गिऱ्हाईक अडलंच, तर त्याला त्याच्याच हातानं फेरे मोजायला लावा. या मुलानं आता मोजले, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.